दगडाचं वावर

आमच्या घरात तेव्हा दोन चुली पेटायच्या आणि मी दोन्हीकडं जेवायचो. ओसरीच्या डाव्या हाताला आईची चूल, ऐसपैस, वैल जोडलेली. तिच्यावर खालच्या काळ्या रानातल्या ज्वारीच्या भाकरी व्हायच्या. उजव्या हाताच्या खोलीत कौसाआत्याची चूल, एकटीपुरती, एका तव्याची. तिच्यावर बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि थंडीत हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे. शेंगोळ्यांतल्या लसणाचा वास भिंतीपलीकडून आला की आई म्हणायची, "जा, तुझं बोलावनं आलं." ती हे चिडून म्हणायची की हसून, ते मला कधी नीट कळलं नाही. दोघी एकमेकींना मान द्यायच्या, एकमेकींच्या दुखण्या-खुपण्याला उभ्या राहायच्या. पण एका चुलीवर आपलं जमणार नाही, हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

कौसाआत्या माझ्या वडलांची थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी करून आणली, तेव्हा ती अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आली ती कायमची. आजोबांनी डोंगराकडच्या उतारावरचं तीन एकर तिला तोडून दिलं आणि चार माणसांत सांगितलं, "कौसी कोनाच्या ताटात जेवनार न्हाई. तिचं वावर, तिची चूल." आजोबांना मी पाहिलेलं नाही, पण हे त्यांचं बोलणं आमच्या घरात कुणी ना कुणी काढायचंच. आत्याचा सगळा मान त्या तीन एकरांत होता. वावर पिकतंय तोवर ती आपल्या खोलीची मालकीण, नाही पिकलं तर भावाच्या दारची. हे मला चांगलं कळत होतं. मी तेव्हा वीस वर्षांचा घोडा होतो, त्यामुळे लहान होतो, समज नव्हती, अशी सबब माझ्याकडं नाही.

आमचं गाव धावड्याच्या वाटेवर, डोंगर सुरू होतो तिथं. आत्याच्या त्या तीन एकराला सगळे दगडाचं वावर म्हणायचे. मुठीएवढे, नारळाएवढे काळे दगड या बांधापासून त्या बांधापर्यंत पसरलेले. मातीचा थर जेमतेम वीतभर, त्याखाली मुरूम. नवखा माणूस बघून म्हणायचा, इथं कुसळ तरी येतं का? पण बाजरी, हुलगा, मटकी, तीळ, एवढं दरसाल यायचं, आणि पावसानं ओढ दिलेल्या सालीही आत्याचं एकटीचं भागायचं. बैल आमचे, वखर वडलांच्या हातात. वखराची लोखंडी पास दगडावर घासली की खडखड सुरू व्हायची, ती थेट वेशीपर्यंत ऐकू यायची. वडील दगडाला, डोंगराला आणि मधूनच स्वतःच्या बापालाही शिव्या घालायचे. आत्या बांधावरून म्हणायची, "हळू हाक रे दादा. दगडं कुठं पळून चाल्ले?" भावाला ती दादाच म्हणायची, धाकटा असला तरी.

मातीचे प्रकार मला पुस्तकाआधी आत्याच्या हातून कळले. आमचं घर धाब्याचं. दर उन्हाळ्यात धाब्यावर पांढरी माती टाकायची, ती गावठाणाच्या जुन्या ढिगाऱ्यातली. तिच्यातून पाणी गळत नाही. भुई सारवायला शेणात मुरमाड माती मिसळायची, म्हणजे पोपडे धरत नाहीत. चुलीला काळी, पण नुसती नाही, तिच्यात भुसा आणि घोड्याची लीद तुडवायची, नाहीतर पहिल्या जाळालाच तडकते. डोकं धुवायला नदीच्या वळणावरची मऊ काळी; आत्या ती रात्रभर भिजत घालायची, आणि केस वाळेपर्यंत तिच्या खोलीत ओल्या मातीचा वास भरून राहायचा. नाल्याकडेला एक पट्टा होता, ओला असताना साबणासारखा बुळबुळीत, वाळला की पापडासारखा कडक. "ही चोपन," ती सांगायची, "हिला पानी पाजावं तितकी रुसती." चिमूट उचलायची, थुंकी लावून अंगठ्यानं मळायची, वळी होते का बघायची आणि सांगायची ही कशाची. पुढं नोकरीत मी हेच केलं, फक्त थुंकीऐवजी बाटलीतलं पाणी वापरलं आणि लोकांनी मला साहेब म्हटलं.

दहावीनंतर मी दोन वर्षं कृषी विद्यालयात काढली. वसतिगृहात राहायचो, सुट्टीला एसटीनं यायचो. गावात शेतीचं शिकायला गेलेला मी पहिलाच. लोक हसायचे, "नांगर धरायला बी शाळा लागती का आता?" पण विचारायलाही यायचे. आणि मला ते विचारणं फार गोड लागायचं. जमिनीची मशागत या धड्यात होतं की दगडगोटे वेचून जमीन मोकळी करावी. भारी, सपाट जमिनीला ते बरोबरच आहे. पण त्याच विद्यालयात आमच्या गुरुजींनी एकदा दोन पसरट पेट्यांत माती भरली, दोन्ही उतरत्या ठेवल्या, एकीवर काडीकचरा आणि खडे पसरले, दुसरी उघडी ठेवली, आणि झारीनं पाणी घातलं. उघड्या पेटीतून चहासारखं गढूळ पाणी आलं, झाकलेल्या पेटीतून बऱ्यापैकी निवळ. मी त्याची आकृती वहीत काढली, बाण दाखवले, नावं दिली. आकृती सुबक म्हणून गुरुजींनी शेरा दिला. ती वही माझ्या ट्रंकेत होती, त्या सालीही.

त्या साली वडलांनी खालच्या काळ्या रानात विहीर खोदली होती. काळ्या मातीत विहिरीच्या कडा टिकत नाहीत, पावसाळ्यात ढासळतात. आतून दगडानं बांधून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दगड आणायचे कुठून? आत्याचं वावर आमच्या रानाच्या बरोबर वर, उताराला लागून. सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं, पण वडील बहिणीच्या वावरातला दगडसुद्धा मागणारे नव्हते. ते काम मी केलं. मी म्हटलं, "दगड काढले तर आत्याचंच भलं हाये. वखर सरळ चालल, बी बराबर पडल, पीक दीडपट होईल." वडलांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना विहिरीची निकड होती आणि माझ्या तोंडून त्यांना ऐकायचं तेच निघत होतं.

आत्या आम्हाला वावरात घेऊन गेली. मी, वडील आणि विहीर बांधायला आलेला टेंभुर्णीचा गवंडी. माघ सरत आला होता, ऊन तापायला लागलं होतं. आत्यानं एका दगडाला पायानं खूण केली. "ह्यो उचल." मी उचलला. "आता बोट घाल मातीत." मी घातलं. भोवतालची माती भाजल्यासारखी कोरडी, आणि दगडाखाली बोटभर खोल गारवा. ओल होती. किंचित, पण होती.

"हे वावराचं पांघरून हाये," आत्या म्हणाली. "ऊन लागू देत न्हाई, पानी पळू देत न्हाई. माझ्या बानं बी काढलं न्हाई. तुमी बी काढू नका."

मला उत्तर सुचलं नाही असं झालं असतं तर किती बरं झालं असतं. पण मला तेव्हा उत्तरं लगेच सुचायची. मी म्हटलं, "आत्या, पीक पांघरुनात झोपून राह्यलं, तर उठनार कधी?"

गवंडी खदखदून हसला. वडीलही हसले. आत्याही हसली, भाच्याच्या हुशारीचं तिला कौतुकच होतं. मी मातीचं बोट पँटला पुसलं. ती ओली माती माझ्या बोटाला लागली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. शिकलेला माणूस चुकला, एवढंच असतं तर मी स्वतःला माफ करून टाकलं असतं. पण मला दिसलं होतं, हाताला लागलं होतं, आणि चारचौघांत वरचढ ठरायच्या नादात मी ते पुसून टाकलं.

आत्यानं मी बाजूला ठेवलेला दगड पायानं परत जागेवर सारला. मग म्हणाली, "तू शिकलास. तू म्हनतोस तर बराबर असंल."

दीड महिना दगड वेचणं चाललं. गाडीवर गाडी भरून खाली विहिरीवर जायची. आत्या स्वतः पाटीनं दगड वाहायची, कासोटा खोचून, डोक्यावर चुंबळ ठेवून. आई दुपारी दोघींची भाकरी एकाच फडक्यात बांधून आणायची आणि दोघी कडुलिंबाखाली बसून खायच्या. मला तेव्हा ते बघून बरं वाटायचं. शेवटी शेवटी तर आत्या लिंबाएवढे खडेसुद्धा वेचायला लागली. एकदा हातात घेतलं की ती काम अर्धवट सोडत नसे. वावर असं साफ निघालं की गावातली माणसं बघायला आली. विहीर बांधून झाली, कडा ताठ उभ्या राहिल्या.

पहिल्या साली पाऊस बेताचा, झिरमिर झाला. वखर आवाज न करता चालला, तिफण न अडखळता फिरली, बाजरी एका ओळीत उगवली आणि छातीला लागली. काय तो माझा तोरा! मी बांधावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत होतो. आत्यानं नव्या बाजरीची पहिली भाकरी करून मला वाढली, वर लोण्याचा गोळा. "तुझ्या शिकन्याची," ती म्हणाली. ती भाकरी मी चवीनं खाल्ली.

दुसऱ्या साली पेरणी उरकून रोपं दोन बोटांची झाली होती. दुपारी डोंगरावर आभाळ दाटलं आणि तासाभरात असा काही कोसळला की ओसरीतून समोरचा गोठा दिसेना. थांबल्यावर मी आणि आत्या वावराकडं गेलो. चिखलात पाय रुततील म्हणून मी चपला हातात घेतल्या होत्या. रुतायला चिखल नव्हता. वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत पाण्यानं वावर खरवडून नेलं होतं. मधे मधे बोटभर खोल चऱ्या, आणि त्यांत मुरमाचे पिवळे दात. बाजरीचं एक रोप नव्हतं. खालच्या अंगाला बांध फुटला होता आणि तिथून अजून पाणी वाहत होतं, त्या पेटीतून आलं होतं तसंच गढूळ. मी ते ओळखलं. माझी आकृती तीन एकरांवर काढलेली होती.

आत्या खाली बसली. मुरमावरून हात फिरवला. "पाय भाजतील तुझे उन्हात, चपला घाल," एवढंच म्हणाली. ऊन नव्हतं.

ती माती गेली कुठं? नाल्यात गेली ती गेली, पण बरीचशी आमच्याच काळ्या रानात येऊन बसली. त्या साली आमच्या रानाच्या वरच्या अंगाची ज्वारी माणूसभर उंच झाली. आत्याचे दगड आमच्या विहिरीत, आत्याची माती आमच्या रानात. मी जेवत होतो तेव्हा आई एकदा सूप पाखडता पाखडता म्हणाली, "वन्संचं सगळंच आपल्याकडं आलं की." तिनं ते वाईट मनानं म्हटलं नव्हतं, पण मला त्या घासानंतर जेवण गेलं नाही.

तिसऱ्या साली आत्यानं तरीही हुलगा टाकला. बी उगवलं, चार पानांवर आलं आणि पिवळं पडून बसलं. दिवाळीनंतर एका सकाळी तिच्या खोलीतून ठोकल्याचा आवाज आला. मी जाऊन पाहिलं तर ती वरवंट्यानं स्वतःची चूल फोडत होती. भाजलेल्या मातीची ढेकळं तिनं पाटीत भरली, पाटी डोक्यावर घेतली आणि वावरात नेऊन पसरली. "चुलीची माती चांगली असती," म्हणाली. "तेवढीच भर." परत आली, हातपाय धुतले आणि आईच्या चुलीपाशी जाऊन बसली. आईनं ताट वाढलं. आई चांगली बाई होती, तिनं आत्याला कधी कमी केलं नाही. पण आत्या त्या दिवसापासून भाकरी मागून घ्यायची नाही. वाढतील तेवढी खायची.

हे सगळं मी बोललो असतो, एकदा तरी. संधी आली होती. मला कृषी सहायकाची नेमणूक मिळाली, जाफराबादकडं हजर व्हायचं होतं. एसटीची वाट बघत आम्ही पारावर बसलो होतो. मला पोचवायला आत्याही आली होती. तिथं एका म्हाताऱ्यानं विषय काढला, "कौसाबाई, दगडं काढायचं खूळ कोनाचं व्हतं वो? सोन्यासारखं वावर घालवलं." दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडं नाही, आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, "माझंच. मला सपाट वावर पाह्यजे व्हतं. म्हातारपनी हौस आल्ती." कुणीतरी म्हटलं, "पोराला तरी इचारायचं." ती म्हणाली, "त्यो नगच म्हनत व्हता."

मी रस्त्याच्या वळणाकडं बघत राहिलो, जणू एसटी आत्ता येणारच होती. एसटी पाऊण तासानं आली. तेवढा वेळ मला होता.

आता निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. ती विहीर बोअरच्या नादात आटली, कडा अजून ताठ आहेत. गेल्या तीन उन्हाळ्यांपासून मी तिचे दगड काढून ट्रॉलीनं वर नेतोय आणि वावरात पसरतोय. पोरं म्हणतात, दगड वेचणारे पाहिले, पेरणारा पहिल्यांदा पाहतोय. उताराला आडवे बांध घातलेत, बांधावर गवत लावलंय, काढणीनंतरचा काडीकचरा जाळू देत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत दगडांच्या आडोशाला चिमूट-चिमूट माती धरायला लागली आहे. वीतभर व्हायला किती पिढ्या लागतील ते मला माहीत आहे, मीच ते लोकांना सांगत आलोय.

लोकांना काय काय सांगत आलोय, तेही लिहायला हवं. नोकरीत मी माती वाचवण्यावर शेकडो भाषणं केली. माझं भाषण रंगायचं. त्यात एक गोष्ट ठरलेली असायची. एक अडाणी बाई होती, मी सांगायचो, तिला वाटलं आपलं वावर भाकरीसारखं सपाट पाहिजे. लोकांनी सांगितलं, भाच्यानं सांगितलं, तिनं ऐकलं नाही. सगळे दगड वेचून काढले आणि एका पावसात वावर धुऊन गेलं. लोक हसायचे. मग मी आवाज खाली आणायचो आणि म्हणायचो, "दगड म्हणजे वावराचं पांघरूण आहे, मंडळी." टाळ्या पडायच्या. माझी चूक मी तिच्या नावावर केली आणि तिचं शहाणपण माझ्या.

एकदा टेंभुर्णीला मेळावा होता. मंडप भरलेला, मी रंगात आलो होतो. अडाणी बाई झाली, हशा झाला, आणि हसणाऱ्या बायकांत मागच्या रांगेत मला आत्या दिसली. गावातली माणसं जीपनं आली होती, त्यांच्यासोबत ती भाच्याचं भाषण ऐकायला आली होती. शेजारणी हसत होत्या म्हणून तीही पदराआड हसत होती. पांघरुणाचं वाक्य मी म्हटलं की नाही, मला आठवत नाही. टाळ्या पडल्या, म्हणजे म्हटलं असणार.

कार्यक्रम संपल्यावर ती मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. मी जवळ गेलो, पायाला हात लावला. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चांगलं बोलतोस," म्हणाली. "लोकायला समजतंय." मग तिनं विचारलं, "ती बाई कोन्या गावची म्हनालास?"

मी म्हटलं, "तिकडची. बुलढाण्याकडची."

"अस्सं," ती म्हणाली. जीपचा हॉर्न वाजत होता. तिनं पदर सावरला. "तिचं नाव सांगितलं न्हाईस, ते बरं केलंस बाबा. बाईची जात. उगंच लोकं नाव ठेवत्यात."

ती जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. नाव मी आज सांगतो. तिचं नाव कौसल्या. तिनं दगड काढू नका म्हणून सांगितलं होतं. काढायला लावले मी, आणि काढण्याआधी माझ्या बोटाला ओल लागली होती.